लायनर मारून घेण्याचे दिवस

फियाटचा ब्रेक पायाला सगळं सांगायचा. बूस्टर नाही, चारही चाकांना ड्रम, आणि पॅडलपासून चाकापर्यंत नुसता तेलाचा दाब. जोर सगळा चालवणाऱ्याच्या मांडीचा. पॅडल नेहमीपेक्षा बोटभर जरी खाली गेलं तरी आमच्या अण्णांच्या लक्षात यायचं आणि येत्या रविवारी गाडी गॅरेजच्या दारात उभी राहायची. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ११०० डी म्हणून आणि पुढे पद्मिनी म्हणून बाहेर पडलेली ही गाडी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी तीन दशकं वापरली. त्या घरांतल्या माणसांना आपल्या गाडीचा ब्रेक आतून कसा दिसतो, हे ठाऊक होतं. आजच्या ब्रेकपुढे तो ब्रेक फारच दुबळा. पण ती ओळख मला हवीशी वाटते.

चाक निघायचं, मग ड्रम. आत दोन अर्धगोल शू, त्यांच्यावर लायनर, आणि सगळीकडे काळी भुकटी. उस्ताद लायनरवरून अंगठा फिरवायचे आणि अण्णांनाही फिरवायला लावायचे. रिवेटचं डोकं बोटाला लागलं की लायनर संपला. त्यानंतरही गाडी चालवली तर रिवेट ड्रमला चरे पाडायचे आणि ड्रम लेथवर घासून घेण्याचा खर्च वाढायचा. बूट मागे ओढून व्हील सिलिंडर ओला आहे का, तेही बघितलं जायचं. रबरी कप धुवायचे ते ब्रेक ऑइलनेच. पेट्रोल किंवा रॉकेलचा थेंबही त्यांना चालायचा नाही, कारण त्याने रबर फुगतं आणि शू मागे परतत नाही.

मग नाना पेठेत जाऊन लायनर आणायचे. दुकानदाराशी बोलणं व्हायचं ते नरम की कडक, यावर. नरम लायनर चटकन पकडतो, ड्रमला जपतो, पण लवकर झिजतो. कडक पुष्कळ टिकतो, पण पायाला जास्त जोर लावावा लागतो आणि ड्रम खातो. घाटात वरचेवर जाणाऱ्याची गरज वेगळी, कॅम्पातून डेक्कनला जाणाऱ्याची वेगळी. जुने शू तेच राहायचे, त्यांच्यावर नवे लायनर मारून मिळायचे. रिवेट लायनरच्या पृष्ठभागाखाली पुरेसा खोल बसलाय ना आणि कडा जराशा उतरत्या घासल्यात ना, एवढं बघून घ्यायचं. कड तीक्ष्ण राहिली की ब्रेक किंचाळायचा.

गाडी जॅकवर असतानाच ब्रेक आवळले जायचे. चाक जाम होईपर्यंत आवळायचं आणि मग हलकासा घासल्याचा आवाज राहील इतकंच सैल सोडायचं. शेवटी हवा काढणं. पॅडलवर मी, चाकाशी उस्ताद. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक आधी. ‘मार, मार, धरून ठेव’ असं ते खालून सांगायचे आणि नळीतून बाटलीत बुडबुडे यायचे. बुडबुडे थांबले की पायाखालचा मऊपणा जाऊन पॅडल टणक व्हायचं. ब्रेक म्हणजे काय, हे मला तिथे समजलं. कोणत्याही पुस्तकाने ते इतकं स्पष्ट सांगितलं नसतं.

त्या ओळखीचा कस बोरघाटात लागायचा. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी खंडाळ्याहून खोपोलीला उतरायचं ते जुन्या वळणांनीच. चढताना जो गिअर, उतरताना तोच, हा अण्णांचा नियम. सतत ब्रेक दाबला की ड्रम तापून फुगतो, शूला जास्त लांब सरकावं लागतं, लायनरची पकड सुटते आणि जळका वास येतो. शिंग्रोबाच्या देवळापाशी गाड्या थांबायच्या, लोक पैसे ठेवायचे आणि तेवढ्यात ड्रमही थोडे निवायचे.

स्मरणाच्या गोडीत दोन गोष्टी झाकल्या जाऊ नयेत. जुन्या फियाटमध्ये चारही चाकांचं तेल एकाच वाटेने जायचं. एक कप फाटला की सगळा दाब गेला आणि उरला हँडब्रेक. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. त्या काळ्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉस असायचा, आणि पोरं ती हवेच्या पाइपने फुंकून काढायची. तोंडाला रुमालसुद्धा नसायचा. अ‍ॅस्बेस्टॉसने होणारे फुप्फुसाचे आजार कित्येक वर्षांनी, दशकांनी वर येतात. आमचे ब्रेक चांगले राहावेत म्हणून ती पोरं काय श्वासात घेत होती, याचा विचार आम्ही कुणीच केला नाही. लायनरमधून अ‍ॅस्बेस्टॉस हटत गेला, हा या सगळ्या बदलातला मला सर्वांत मोलाचा बदल वाटतो.

आजच्या साध्या गाडीतही पुढे डिस्क असते, तेलाच्या दोन स्वतंत्र वाटा असतात, बूस्टर असतो. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. तुंबलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावर ड्रम बराच वेळ पकडायचा नाही, डिस्क पाणी झटकून टाकते. ही प्रगती माणसं वाचवणारी आहे, आणि मला ती मनापासून हवी आहे. पण आता काचेपलीकडच्या खुर्चीत बसलेल्या मालकाच्या मोबाइलवर संदेश येतो, ‘फ्रंट पॅड बदलायचे आहेत, मंजुरी द्या’. तो मंजुरी देतो आणि जुने पॅड न बघताच घरी जातो.

मी ते मागून घेतो. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण दहा मिलिमीटर असतो, तीनच्या आसपास आला की बदलावा. पण जाडीपेक्षा झीज अधिक बोलते. एकाच चाकाचा आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा जाड असेल, तर कॅलिपरची पिन किंवा पिस्टन अडकतोय. ते साफ करून, योग्य ग्रीस लावून मोकळं केल्याशिवाय नवे पॅड घातले, तर तेही तसेच जातील. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, नाहीतर गाडी ब्रेक लावताच एका बाजूला ओढते. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली असते. मेकॅनिकला ती मोजून दाखवायला सांगावं.

नरम की कडक हा प्रश्न आता सेमी-मेटॅलिक की सिरॅमिक, या रूपात समोर येतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला कंपनीने ठरवलेल्या प्रतीचाच पॅड घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. शर्यतीसाठीचे पॅड तापल्यावरच नीट पकडतात आणि सकाळी सोसायटीच्या फाटकापाशी गाडी थंड असते. खोक्याच्या स्वस्ताईला मात्र भुलू नये, बनावट मालाचं खोकंही हुबेहूब असतं. ओळखीच्या दुकानातून बिलावर घ्यावा. नवे पॅड बसवल्यावर पहिले दोनतीनशे किलोमीटर घाईचे ब्रेक शक्यतो टाळावेत, पृष्ठभाग एकमेकांना नीट लागू द्यावेत.

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते तेलाकडे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारचं कोरं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उकळलं की नळीत वाफ होते आणि पॅडल पुन्हा तसंच मऊ पडतं, घाटात, भर उतारावर. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावं.

माझ्या मुलीने नुकतीच विजेवर चालणारी गाडी घेतली. पाय उचलला की मोटरच तिचा वेग कमी करते, त्यामुळे पॅड फारसे झिजतच नाहीत. पण पुण्याच्या पावसात वापराविना डिस्कवर गंज धरतो, पिना अडकतात. तिला सांगितलंय, मागे कुणी नाही हे पाहून अधूनमधून ब्रेक चांगला दाबायचा, दरवर्षी चाकं काढून पिना बघायच्या, आणि तेल या गाडीतही मुदतीनुसारच बदलायचं. पहिल्या तपासणीला आम्ही दोघं जाणार आहोत, आणि चाक काढताना तिला आत उभं राहू द्या, असं मी आधीच विचारून ठेवलंय.