सूर्यास्ताआधीचे जहाज

मलकापूरच्या नातवंडांना इमॅजिकाचे पाळणे हवेत, जहाजही हवे. आजींचा चौविहार मात्र मोडता कामा नये. विदर्भ एक्सप्रेसने कल्याण, तेथून खोपोली; पहिला दिवस पाळण्यांतच सरतो. दुसऱ्या दिवशी मुंबईचा द्रुतगती मार्ग सोडून पेण-वडखळवरून मांडवा गाठावे. तेथून २०२० पासून भाऊच्या धक्क्यापर्यंत रो-रो जहाज चालते. मोटारींसह तासाभराचा जलप्रवास! गोव्याकडे निघणाऱ्या क्रूझचा थाट नाही, तसा खर्चही नाही. फेरी मात्र दुपारचीच धरावी. मुंबईत सूर्य मलकापूरपेक्षा साधारण पाव तास उशिरा मावळतो, एवढीच काय ती सवलत. धक्क्यावर आजी खाकऱ्यांचा डबा उघडतात. शहरामागे कललेल्या सूर्याकडे पाहत नातू उरलेली मिनिटे मोजतो.