फिरता पाळणा

आमच्याकडे, घाटाखाली, बाळाच्या आधी बाळाचं काही घरात आणत नसत. बुलढाणा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन ठिकाणी जगतो. माझं माहेर मोताळा तालुक्यातलं, म्हणजे कापसाचं, काळ्या मातीचं आणि उन्हाळ्यात भाजून काढणारं. तिथे दिवस गेलेल्या बाईची पहिली ओटीसुद्धा चोरओटी. सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण गाजावाजा करून व्हायचं, पण ते कौतुक बाईचं. बाळाच्या नावानं दुकानातून साधं टोपडं यायचं नाही. कुणा हौशी आत्यानं विषय काढलाच तर आजी म्हणायची, "आत्ता कायले? पयले लेकरू त येऊ दे."

तयारी होत नसे असं मात्र नाही. ती दुसऱ्या नावानं होई. माहेरपणाला लेक यायची असली की आजी जुनी लुगडी काढायची, धुऊन मऊ करायची आणि दुपारभर वाकळी शिवत बसायची. विचारलं तर, "पडेल होती लुगडी, म्हनून." ज्या खोलीत ज्वारीची पोती असत ती पोती एक दिवस ओसरीवर यायची, खोली सारवली जायची, बाज आत जायची. "उंदरं झाले व्हते." बाजेखालच्या शेगडीसाठी गोवऱ्या निवडून वेगळ्या रचल्या जायच्या. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, डिंक हे किराणातून थोडं थोडं येत राही. दोन महिन्यांत एक अख्खी खोली बाळासाठी उभी राहायची आणि घरात कुणीही तसं एकदाही बोललेलं नसायचं. एवढी काटेकोर योजना मी पुढे शाळेच्या कोणत्याही स्नेहसंमेलनात पाहिली नाही.

पाळणा सगळ्यांत शेवटी यायचा, बारशाच्या आदल्या दिवशी, आणि तो विकत घेतलेला नसायचा. आमच्या भावकीत एकच पाळणा होता. सागवानी, गोल घासलेल्या गजांचा, चार कोपऱ्यांना लोखंडी कड्या. गावच्या सुतारानं बलुत्यात केला होता म्हणतात. कुणाच्या बारशासाठी ते सांगणारं माणूस माझ्या लहानपणीही उरलं नव्हतं. तो ज्या घरी शेवटचं बाळ झालं त्या घरी असे. कुणाकडे बारसं ठरलं की तिथून निरोप जाई आणि दोन गडी पाळणा डोक्यावर घेऊन येत. येताना त्यात पायलीभर गहू असायचे, कारण रिकामा पाळणा हलू द्यायचा नाही. परत जातानाही गहूच. पोरांनी तुळईला टांगलेल्या रिकाम्या पाळण्याला झोका दिला, तर एरवी कधी हात न उचलणारी आजीसुद्धा पाठीत धपाटा घालायची.

ही भीती कुठून आली ते मला पुस्तकातून फार उशिरा कळलं, आणि घरातून फार लवकर. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांतली १२९ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. त्याच सुमारास माझ्या मायला झालेला मुलगा पाळण्यात फार दिवस राहिला नाही. पाळणा गव्हासकट परत गेला. मायनं त्यानंतर त्याचा विषय काढलेला मला आठवत नाही, पण वाकळ मात्र तिनं कुणाला दिली नाही. ज्या घरात असं होऊन गेलेलं असतं तिथे नवं टोपडं आधी आणायचं धाडस कोण करेल? २०२० साली हाच आकडा २८ वर आला होता. लोक बाळाची खोली आधीपासून रंगवू लागले त्यामागे दुकानांच्या जाहिराती आहेतच. पण हा उतरलेला आकडाही आहे असं मला वाटतं.

चौथी-पाचवीत असताना आमची सहल सिंदखेडराजाला गेली होती. लखुजीराव जाधवांचा राजवाडा, तो भला थोरला दरवाजा, आणि आत जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी झाला ती जागा. सगळी मुलं भिंती, कोनाडे बघत होती. मी गुरुजींना विचारलं, "पाळणा कुठाय?" ते हसले आणि रांग पुढे न्या म्हणाले. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले आणि पोरांना घेऊन शिवनेरीला गेले, तेव्हा तिथल्या जन्मस्थळी पाळणा ठेवलेला दिसला. लोक वाकून नमस्कार करत होते. माझ्या मनात मात्र त्या आधीचे महिने आले. १६२९ च्या जुलैत देवगिरीला निजामशाही दरबारात लखुजीराव मुलांसह मारले गेले. जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. बाळंतपणाला सिंदखेडचा रस्ता धरावा असं माहेर त्यांना उरलं नव्हतं. शहाजीराजांनी त्यांच्यासाठी शिवनेरी निवडला आणि १९ फेब्रुवारी १६३० ला तिथे शिवबा जन्मले. खोली कोणत्या दिशेला, ऊन कुठून येतं, याआधी पहारा कुठे बसेल आणि धान्य किती पुरेल हे ज्या बाळासाठी पाहावं लागलं, त्याच्या खोलीची तयारी आपण इतिहासाच्या पेपरात विचारत नाही.

लग्न होऊन मी घाट चढून बुलढाण्याला आले. इथली हवा थंड, गाव उंचावर, घाटाखालचे लोक मे महिन्यात हेव्यानं बोलतात. माझ्या मुलीच्या बारशाला पाळणा राजूर घाटानं एसटीच्या टपावरून आला. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं नाही. "लेकराचं हाये" म्हणाला. सासऱ्यांनी हौसेनं त्याला पोपटी ऑइलपेंट दिला. सासूबाईंनी राईची उशी केली, डोकं गोल यावं म्हणून. भावकीत त्यानंतर कुणी पाळणा मागितला नाही. सगळ्यांकडे लोखंडी स्टँडचे, जाळीचे पाळणे आले होते, आणि शेतावर जाणाऱ्या बायांकडे पूर्वीपासून होती तीच लुगड्याची झोळी, बांधावरच्या निंबाला बांधलेली. आमचा पाळणा माळ्यावर गेला.

आता तीच मुलगी पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून घरी आली. ती यायच्या आधी तिची खोकी आली. एकात पाळण्याच्या आतून चहूबाजूंनी बांधायच्या मऊ गाद्या होत्या, नवऱ्यानं मागवलेल्या. डॉक्टरीणबाईंनी त्या परत पाठवायला सांगितल्या. बाळाचं तोंड त्यात रुतून श्वास अडतो म्हणून अमेरिकेत २०२२ साली कायद्यानं त्यांची विक्री बंद झाली. राईची उशीही नको, म्हणाल्या. बाळ पाठीवर, सपाट आणि कडक गादीवर, आईच्या खोलीत पण वेगळ्या अंथरुणात. झोळीत हनुवटी छातीला टेकते, म्हणून नवजात बाळाला त्यात निजवून कामाला लागू नये. पाळणा जागेपणी, समोर कुणी बसलेलं असताना. मी ऐकून घेतलं. सासूबाई असत्या तर ऐकलं नसतं, आणि निंबाला झोळी बांधणाऱ्या बाईला हे सांगायचं तर आधी तिच्या लेकराला सपाट जागा कुठे आहे ते दाखवावं लागेल.

पाळणा माळ्यावरून उतरवला. सुतार पॉलिशकागद घेऊन बसणार तोच मुलीनं हात धरला. जुन्या ऑइलपेंटात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत ते दशलक्षात ९० भागांच्या वर नसावं असा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. सासऱ्यांचा डबा त्याच्या कितीतरी आधीचा. दात येताना लेकरू पाळण्याचा काठच चावतं. मग मुलीला चार दिवस चिखलीला माझ्या बहिणीकडे पाठवलं, रंग अंगणात पाणी मारून ओला ठेवत खरवडला, चुरा कागदात बांधून टाकला, फरशी ओल्या फडक्यानं दोनदा पुसली. आतून सागाचा तो जुना तांबूस रंग निघाला. वर जवसाचं तेल चोळलं, बाकी काही नाही. सुताराला मजुरी नव्या पाळण्याएवढीच पडली हे इथे सांगून टाकते, म्हणजे कुणी हे काटकसरीचं उदाहरण म्हणून वाचणार नाही.

खोलीच्या भिंतीचा प्रश्न रंगाऱ्यानं काढला. "ताई, गुलाबी का निळा?" त्याच्या विचारण्यात वाईट काही नव्हतं, त्याच्याकडे तेवढे दोनच नमुने होते. पण मी चमकले. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा. तरी २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८५५. दर १२ जानेवारीला जिथे एका मुलीच्या जन्माचा एवढा मोठा सोहळा होतो, त्या जिल्ह्यात. शाळेत पहिलीचा पट भरताना मला हा आकडा बाकांवर दिसायचा; मुलींची रांग आधी संपायची. आजीनं बाळाचा विषय झाकून ठेवला तो बाळ जगावं म्हणून. नंतरच्या काळात काही घरांनी जे झाकलं त्याला मी तयारी म्हणत नाही. मुलीनं रंगाऱ्याला सांगितलं, पिवळा दे.

वेखंड, शेपा, दुपटी, डायपरचा गठ्ठा आणि ताप मोजायचं यंत्र आता एकाच कपाटात आहे. शेगडी नाही, डॉक्टरीणबाईंनी धुराला हात जोडले. मुलगी उघड म्हणते, "बाळाचं कपाट." मला अजून ते जड जातं, मी "त्या खोलीतलं कपाट" म्हणते. पाळण्यात मी पायलीभर गहू ठेवलेत. पायली आता कुणाकडे नाही, पिशवीवर अंदाजे ओतले. जावईबापूंनी फोटो काढून कुठेतरी टाकला आणि संध्याकाळी माझ्या चुलतभावाच्या सुनेचा मोताळ्याहून फोन आला. तिला पाचवा महिना आहे. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "आत्या, तुमचा पाळना मोकळा कधी व्हईन?" मी म्हटलं, अगं, अजून तर आमचंच यायचंय. "त्येच तं," ती म्हणाली, "म्हनून आत्ताच सांगून ठेवली."