मीठ = मीठ + १

कुरुंदवाड,
ता. शिरोळ

ती. ताईस,


रात्री अकरापर्यंत लॅपटॉपवर काय करतोस, असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा मोटर चालू करायला निघालो होतो, म्हणून नीट सांगता आलं नाही. मी एक जुना खेळ पहिल्या ओळीपासून लिहून काढतोय. 'हमुराबी' त्याचं नाव. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं आणि आकडे. त्याचं मूळ तुझ्यासारख्याच एका शिक्षिकेकडे जातं. १९६४ साली अमेरिकेत मेबल ॲडिस यांनी सहावीच्या मुलांसाठी सुमेरियाच्या कारभाराचा खेळ रचला. त्यावरून १९६८ मध्ये डग डायमेंट यांनी हा छोटा खेळ केला आणि डेव्हिड आल यांनी १९७३ च्या पुस्तकात तो बेसिक भाषेत छापला. पुस्तकात बघून एकेक ओळ टाइप करत कितीतरी जण प्रोग्रामिंग शिकले. मी तेच पायथनमध्ये करतोय.

सुरुवातीला १०० माणसं, १००० एकर आणि २८०० मापं धान्य. जमीन घ्यायची की विकायची, खायला किती द्यायचं, किती पेरायचं, हे दरवर्षी आपण ठरवायचं. माणशी वर्षाला २० मापं लागतात, एका मापात दोन एकर पेरून होतात, एका माणसाच्यानं दहा एकर होतात. अशी दहा वर्षं. आबा बांधावर बसून बोटांवर करायचे तेच हे गणित. पण यंत्राला काहीच गृहीत धरता येत नाही. 'खायला किती?' याला मी उणे ५०० असं उत्तर देऊन बघितलं, तर कोठारच भरलं! उणे धान्य वाटता येत नसतं, हेही त्याला लिहून द्यावं लागलं.

मूळ खेळात अधूनमधून साथ येते. मी तिथं महापूर घातला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याची पातळी ३९ फूट झाली की इशारा, ४३ च्या वर गेली की मळीतलं पीक गेलं. ती ओळ लिहिताना २०१९ चा ऑगस्ट आठवला आणि त्या रात्री पुढं काही लिहिलं नाही.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. त्या खेळात एकरी उतारा दरवर्षी नव्यानं निघतो, एक ते पाच, चिठ्ठी काढावी तसा. गेल्या साली तुम्ही रानाचं काय केलंत, याचा त्यात हिशेबच नाही. शेवटी किती माणसं उपाशी मेली आणि माणशी किती एकर उरले यावर राजाची परीक्षा. आपल्या शिरोळ तालुक्यात हे कसं चालेल? उसाला पाटानं पाणी देत गेलो आणि रानं मिठानं फुटली. कागदावर एकर तेवढेच राहिले. म्हणून मी एक आकडा वाढवलाय. उसाला मोकाट पाणी दिलं की, मीठ = मीठ + १. ठराविक आकड्यापुढं उतारा घसरायला लागतो. जमिनीखाली निचऱ्याच्या पाइपा टाकल्या तर मीठ उतरतं, पण हळूहळू, आणि पैसे आधी जातात.

तो ठराविक आकडा किती धरायचा, हे मला अंदाजानं लिहायचं नाही. आबांची वही तुझ्याकडं आहे. खालच्या पट्टीत ऊस पहिल्यांदा कधी लावला आणि पांढरं कधी दिसलं, ही दोन सालं बघून कळव. पंचमीला येशील तेव्हा वहीच घेऊन ये.

तुझा,
बाळू