अम्मीचा हात आणि राणीचं नाक

नूरी हरवली ती मागच्या गल्लीतल्या लग्नाच्या रात्री. वरातीत डीजे होता, फटाक्यांची लांबलचक माळ होती, आणि उकाड्यामुळे आमची मागची खिडकी उघडी होती. मे महिन्यात मंगरूळपीरमध्ये खिडकी लावून झोपणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. फजरला उठलो तर अम्मीच्या पायथ्याशी मांजराची जागा रिकामी.

पहिल्या दिवशी आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीगल्लीतून हाका मारत फिरलो. मोअज्जिन साहेबांना विचारलं, माइकवरून सांगता का? शेळी हरवली की ते सांगतात, मूल हरवलं की सांगतात. ते हसून म्हणाले, "सर, अब बिल्ली का भी ऐलान करूं?" त्यांचंही खरंच होतं.

त्याच संध्याकाळी माझी लेक म्हणाली, "अब्बू, जमादार काकांच्या राणीला विचारू या ना." ती सहावीत आहे. मी म्हणालो, बघू. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो, हे तिला माहीत आहे.

जमादार काका आमच्यापासून तीन घरं सोडून राहतात. पोलिसांच्या श्वान पथकातून निवृत्त झालेले. राणी त्यांची लॅब्राडोर कुत्री. निवृत्तीनंतर हाताला चैन पडेना म्हणून त्यांनी पिल्लू आणलं आणि पथकातल्यासारखंच शिकवलं. आधी स्वतःचा मोजा लपवायचा, मग नातवाचा चेंडू, मग नातूच. मोहल्ल्यातल्या दोन शेळ्या आणि एक वासरू राणीने शोधून दिल्याचं मला ठाऊक होतं. तरी मी पाच दिवस गेलो नाही.

कारण लपवण्यासारखं नाही. चार वर्षांचा शेजार, पण जमादार काका आमच्या घरात कधी बसले नव्हते. ईदला शीरखुर्मा मी त्यांच्या दारात नेऊन द्यायचो, दिवाळीचा फराळ ते आमच्या फाटकाशी आणून द्यायचे. राणी सतत त्यांच्यासोबत, आणि आमचं घर नमाजचं. कुत्रा असलेल्या घरात रहमतचे फरिश्ते येत नाहीत, ही हदीस लहानपणापासून कानावर. यावर आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नाही. न बोलताच ठरून गेलं होतं. त्यांच्या घरी भिंतीवर दत्ताची तसबीर आहे, पायाशी चार कुत्री. आमच्याकडे 'कुत्ता' हा शब्द शिवीतच जास्त वापरला जातो. मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो, दोन भाषांमध्ये रोज ये-जा करतो, पण या एका शब्दापाशी माझा पूल तुटलेलाच होता.

पाचव्या रात्री लेक न जेवता झोपली. इशानंतर मी त्यांच्या दारात उभा राहिलो. "आता नाही," ते म्हणाले. "सकाळी पाचला येतो. ऊन तापलं की वास उडून जाते. पहाटे तो जमिनीला धरून असते. काही काळजी करू नका सर, ते लांब गेलं नसन. भ्यालेलं मांजर दबून बसते, मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही." मग त्यांनी विचारलं, ती ज्यावर झोपायची ते कापड आहे का? धुतलेलं नको.

कापड होतं. अम्मीची जुनी ओढणी. अडचण इथेच होती. ओढणीला वास नूरीचा, आणि तितकाच अम्मीचा.

पहाटे जमादार काका फाटकाबाहेरच थांबले. राणी त्यांच्या पायाशी बसलेली. ओढणी पाहून ते थोडे घुटमळले. म्हणाले, या कापडावर दोन वास आहेत. दोघांपैकी एक इथं हजर आहे, हे राणीला कळलं तर ती तो वास सोडून देईल आणि जो हजर नाही त्याच्या मागे जाईल. पथकात माणूस शोधतानाही असंच करतात, घरातल्या हजर माणसांचा वास आधी देतात. "म्हणजे सर, आईसाहेबांचा हात एकदा हुंगू द्यावा लागेल. जमत नसेल तर ऱ्हाऊ द्या, मी तसंच पाहतो."

मी मध्ये पडणार होतो. अम्मी सत्तरीच्या पुढची, नुकतीच नमाज आटोपून तस्बीह घेऊन बसलेली. तिने आतून सगळं ऐकलं होतं. ती उठली, फाटकापर्यंत आली आणि हात पुढे केला. राणीने आधी ओढणी, मग हात, मग पुन्हा ओढणी हुंगली. ओलं नाक तळहाताला लागलं असणार. अम्मी माझ्याकडे बघून म्हणाली, "हाथ ही तो धोना है."

पुढचं काम दहा मिनिटांचं. लांब दोरीवर राणी भिंतीच्या कडेने निघाली, नालीपाशी थांबली, मागे वळली, आणि मालक पुण्याला गेल्यामुळे बंद असलेल्या एका घराच्या अंगणात शिरून खाली बसली. भुंकली नाही, पंजा मारला नाही. नुसती बसली आणि जमादार काकांच्या तोंडाकडे पाहत राहिली. बॉम्ब शोधणाऱ्या कुत्र्याला असंच शिकवतात, कारण स्फोटकाला पंजा मारून चालत नाही. मांजरासाठीही तेच बरं, नाही तर घाबरून ते आणखी आत जातं. तिथे जुन्या कूलरची पेटी आणि टिनपत्रे रचलेले होते. त्यामागच्या फटीत दोन डोळे. मागचा पाय सुजलेला, पोट पाठीला लागलेलं.

आमच्या दारापासून पन्नास पावलं. त्या अंगणासमोरून मी पाच दिवसांत वीस वेळा तरी "नूरी, नूरी" करत गेलो होतो. जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावताना म्हटलं, अजून एक दिवस उन्हात गेला असता तर कठीण होतं. लेकीने तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून जमादार काकांकडे बसणं वाढलं. त्यांच्या बोलण्यात झंजीरचं नाव हमखास येतं. झंजीर हा मुंबई पोलिसांचा लॅब्राडोर, पुण्यात तयार झालेला, 1973 सालच्या सिनेमावरून नाव ठेवलेलं. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर आणि 249 हातबॉम्ब शोधून दिले. 16 नोव्हेंबर 2000 ला हाडांच्या कॅन्सरने गेला, तेव्हा त्याला पोलिसी इतमामात निरोप दिला गेला. 1993 साली मी शाळकरी पोरगा होतो. त्या वर्षाबद्दल आमच्या घरात दबक्या आवाजात बोलायचे. बॉम्ब आधीच सापडले तर जीव वाचतात, आणि वाचणाऱ्याची जात-मजहब नाकाला कळत नाही, एवढं साधं त्यात मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

6 फेब्रुवारी 2023 ला तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा आमच्या मशिदीत दुआ झाली होती. आपल्या एनडीआरएफची पथकं तिकडे गेली, आणि गाझियांतेप भागात ढिगाऱ्याखाली अडकलेल्या सहा वर्षांच्या मुलीचा माग ज्युली नावाच्या कुत्रीने काढला. ती बातमी मी तेव्हा वर्गात वाचून दाखवली होती. वाचून दाखवणं सोपं असतं.

नुसतं हरवलेली मांजरं शोधणारं कुत्रंही जगात आहे. विलायतेत कॉलिन बुचर नावाच्या माजी पोलिसाने मॉली ही काळी कॉकर स्पॅनियल याच कामासाठी तयार करून घेतली. आधीच्या घरांनी नको म्हणून टाकलेली ती कुत्री. वासावरून आजार ओळखणारी कुत्री तयार करणाऱ्या एका संस्थेने तिला शिकवलं. 2017 पासून ती कामाला लागली. मांजर सापडलं की मॉलीही गुपचूप जमिनीवर आडवी होते. मी हे लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे राणीने तिचीच नक्कल केली?" जमादार काकांना हे सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.

आता मसल्याचं. मी मौलवी नाही, पण वाचून-विचारून घेतलं. विदर्भातले आम्ही बहुतेक हनफी. आमच्याकडे कुत्र्याची लाळ नापाक, सुकं अंग नाही. कोकणातले भाऊ शाफई, त्यांच्याकडे कडक. मालिकी तर कुत्र्याला पाकच मानतात. म्हणजे ज्याला मी दीन समजत होतो, त्यात थोडा मसला होता आणि बाकी माझी किळस. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या कुत्र्याने धरलेली शिकार हलाल ठरवली आहे. तिथे शिकवणाऱ्यासाठी 'मुकल्लिबीन' हा शब्द आहे, 'कल्ब' म्हणजे कुत्रा यावरून आलेला. अल्लाहने तुम्हाला जे शिकवलं त्यातलं तुम्ही त्यांना शिकवता, असा तिथला भाव. मी शिक्षक. ही आयत अनेकदा वाचली होती, पण जमादार काका माझ्याच पेशातले आहेत हे कधी सुचलं नव्हतं. आणि सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या त्या नेक तरुणांचा कुत्रा उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला आहे. आत नाही, पण हाकललेलाही नाही.

नूरी सापडली त्याच सकाळी अम्मी म्हणाली, "उसको पानी दो रे पहले." तहानलेल्या कुत्र्याला मोज्यात पाणी काढून पाजणाऱ्या माणसाची हदीस तिला तोंडपाठ आहे. मी प्लास्टिकचा डबा शोधत होतो, तिने स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं. राणीचं पिऊन झाल्यावर ते सात वेळा धुतलं, त्यात एकदा मातीने, आणि अंगणातल्या कठड्यावर पालथं ठेवलं. ते आता तिथेच असतं.

जमादार काका जुम्याच्या संध्याकाळी चहाला येतात, आत, खुर्चीवर. राणी उंबरठ्याबाहेर पाय पसरून पडते, पातेलं तिच्याजवळ. अम्मी तिच्याशी बोलते, अंतर राखून. नूरीचा पाय बरा झाला, थोडी लंगडते. राणी आली की ती अजूनही कपाटावर चढून फिस्कारते, आणि चहा संपेपर्यंत खाली उतरत नाही.