आज पहाटे पाच वाजता

आजची तारीख घ्या आणि तिला पहाटेचे पाच जोडा. काम इतकं सोप्पं! पायथनमध्ये त्यासाठी डेटटाइमचं कंबाईन आहे, जावात लोकलडेटचं अ‍ॅटटाइम. एका ओळीत विषय संपतो. २०१४ साली जावा ८ यायच्या आधी ज्यांनी कॅलेंडर क्लासशी झटापट केलीय (जिथे जानेवारी म्हणजे शून्य!), त्यांना या एका ओळीचं मोल कळेल. असो.

तर झालं असं. आईची थायरॉईडची गोळी पहाटे पाचला, उपाशीपोटी. रक्तदाबाची रात्री नऊला. ती विसरते, म्हणून ऑफिसातल्या एका मित्राने हौसेने छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. भाड्याच्या सर्व्हरवर चालायचा आणि आम्हा दोघांना एसेमेस पाठवायचा, म्हणजे मी फोन करून तिला उठवणार. (साधा गजर लाव ना, असं म्हणू नका. तो ती झोपेतच बंद करते.) रात्रीचा निरोप अगदी ठोक्याला. पहाटेचा एकदाही नाही. "तुझं यंत्रपण माझ्यासारखंच रे, पहाटे झोपतं," इति आई. गोळी मात्र आठवड्यात तीनदा चुकली.

कोड उघडला. 'आज' कोणता हे सर्व्हरला विचारलेलं, आणि सर्व्हर यूटीसीवर. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे पहाटेचे साडेचार, तेव्हा त्याच्याकडे आदल्या रात्रीचे अकरा. त्याचा 'आज' म्हणजे आपला काल. त्याला आपले पाच जोडले की काल पहाटेचे पाच. प्रोग्रॅम म्हणणार, वेळ टळली, गप्प बसा. तिकडे तारीख बदलते तेव्हा इथे साडेपाच वाजलेले. आता तारीख बरोबर, पण पाच वाजून गेले. पुन्हा गप्प! मध्यरात्र ते साडेपाच या पट्ट्यातली कुठलीच वेळ त्याला कधी सापडणार नाही, आणि दिवसा टेस्ट करणाऱ्याला हे दिसणारही नाही.

उपाय एवढाच, की आधी 'एशिया/कोलकाता' हा झोन द्यायचा आणि मग त्या झोनमधली तारीख विचारायची. आता पाचला मोबाइल वाजतो.

न्यू जर्सीतल्या भावालाही तोच निरोप हवाय. हिवाळ्यात तेव्हा त्याच्याकडे आदल्या संध्याकाळचे साडेसहा असतात. पण ते साडेसहा कोडमध्ये पक्के लिहू नकोस, असं मित्राला बजावलंय. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे जातात, आणि त्याचे साडेसात होतात.