अनोळखी विमान

आपल्या हातांनी विमान बांधावे आणि त्यात बसून उडावे, असे वेड जगभर अनेकांना लागलेले आहे. अशा हौशी मंडळींसाठी अमेरिकेतील बर्ट रुटान यांनी ‘लाँग-ईझी’ नावाच्या विमानाचे आराखडे तयार केले. त्याचा लहान पंख पुढे नाकाशी असतो आणि मोठा मागे. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेनेही १९८० च्या दशकात याच आराखड्यावरून एक प्रायोगिक विमान तयार केले होते.

आराखडा एकच असला, तरी घरी बांधलेली दोन विमाने सारखी नसतात. बांधणारा आपल्या सोयीने एखादी कळ इकडची तिकडे करतो. चालवणाऱ्याचे हात मात्र जुन्या सवयीनेच चालतात. परक्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा शोधताना आपलाही हात आधी भलत्याच फळीकडे जातो. तेथे फार तर भाजी अळणी होते.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाँग-ईझी उडवत होते. विमान त्यांनी नुकतेच विकत घेतले होते. बांधले होते दुसऱ्याने. एका टाकीतील इंधन संपत आले की दुसरी टाकी सुरू करण्याची चावी त्याने मूळ जागेवरून काढून आसनाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. ती फिरवण्यासाठी मागे वळताना उजवे पॅडल नकळत दाबले गेले आणि विमान समुद्रात कोसळले, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. डेन्व्हर नवशिके नव्हते. मला तर वाटते, अशा वेळी अनुभवी माणसालाच धोका अधिक. त्याचे हातपाय विचारासाठी थांबत नाहीत.

म्हणून ही ओळख जमिनीवरच करून घ्यावी लागते. आसनावर बसून, डोळे मिटून, प्रत्येक कळ हाताने शोधायची. विमानाचे वजन करून तोल तपासायचा. तो फार मागे असेल, तर वर गेलेले नाक खाली आणणे अवघड होते. मग धावपट्टीवर आधी सावकाश, नंतर वेगाने धावायचे, पण उडायचे नाही. पहिल्या उड्डाणात सोबत प्रवासी घ्यायचा नाही आणि धावपट्टीपासून दूर जायचे नाही.

बंगळुरूच्या विमान कारखान्याने तर याहून विलक्षण रीत अवलंबली होती. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली ‘मरुत’ हे लढाऊ जेट विमान आकार घेत होते. ते तयार होण्याआधी त्याच मापाचे, इंजिन नसलेले लाकडी विमान बांधण्यात आले. १९५९ पासून डकोटा विमान त्याला दोराने ओढून उंच नेई आणि सोडून देई. अशी ७८ उड्डाणे झाली. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी खरे मरुत उडवले, तेव्हा त्याच्या पंखांची चाल कारखान्याला पुरती अनोळखी राहिली नव्हती.

पुढे १० जानेवारी १९७० रोजी मरुतच्याच एका सुधारित नमुन्याची चाचणी घेताना, विमान जमीन सोडते न सोडते तोच, अपघात होऊन दास मृत्युमुखी पडले. त्या जुन्या विमानतळाजवळच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.