आजीचे एकवीस रुपये

वाचकहो, तुमच्या घरी उतरंडीच्या तळाच्या मडक्यात, फडताळात किंवा देव्हाऱ्यातल्या डब्यात जुने राणीछाप रुपये आहेत का? असतील तर आधी एक विनंती. हा लेख वाचून होईपर्यंत त्यांना चिंच, लिंबू, राख, रांगोळी यांपैकी काहीही लावू नका. मी एका घरी ते लावायला सांगितले होते. त्या घराची ही हकिकत आहे.

ठाण्याच्या उत्तर अंगाला खाडीकाठी कोलशेत आहे. कोळी-आगऱ्यांचे जुने गाव. नोकरीच्या पहिल्या वर्षांत भाताच्या प्रात्यक्षिकासाठी मी तिथे जात असे. खाऱ्या जमिनीत तग धरणारे, पनवेलच्या केंद्राने काढलेले भाताचे वाण मी एका घरच्या खाचरात लावून घेतले होते. प्रात्यक्षिक साधारणच आले, पण त्या घराशी जडलेला घरोबा टिकला. आता ती खाचरे नाहीत. कोलशेत रोडला सँडोझसारखे रसायनांचे कारखाने होते, तेही गेले आणि त्या रस्त्याला उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. घरात आजी आहेत, मुलगा-सून आहेत आणि बी.कॉम. झालेला नातू आहे.

गेल्या वर्षी आजींनी लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले गाठोडे माझ्यापुढे सोडले. त्यांच्या सासूची ठेव, एकवीस चांदीचे रुपये. सहांना माळेत ओवण्यासाठी कड्या डाकलेल्या, बाकीचे पंधरा सुटे. सगळे काळे पडलेले. मी बी.एस्सी. अॅग्रिकल्चर, रसायनशास्त्र शिकलेला माणूस! ऐटीत म्हणालो, "आजी, चिंचेच्या कोळात भिजवा आणि राखेने घासा. आरशासारखे होतील." त्यांनी नऊ घासले. मग चिंच संपली, म्हणून सहा राहिले.

पुढे छपराच्या कामाला पैसे हवे होते, म्हणून नातू ते रुपये घेऊन बाजारातल्या एका नाणेवाल्याकडे गेला. त्याने एकवीसही नाणी एकदम तराजूत टाकली, चांदीचा भाव लावला, त्यातून घट कापली आणि म्हणाला, "यात काही नाही." नातू शहाणा. नाणी परत घेऊन आला आणि मला म्हणाला, "काका, काही नाही हे सांगणाराच विकत घेणारा आहे. मग खरे कोण सांगणार?"

शेतकरी बंधूंनो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मंडईत टोमॅटोची प्रत व्यापारी ठरवतो आणि घेतोही तोच. वऱ्हाड-मराठवाड्यातल्या वाचकांना तर 'ग्रेडर' हा शब्द तोंडपाठ आहे. १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हापासून गाडीतल्या कापसाची प्रत ग्रेडरच्या एका नजरेवर ठरे आणि वर्षाची कमाई त्या नजरेला टांगलेली असे. तसा नाण्यांचाही ग्रेडर असतो. काही लोक त्यावरच पोट भरतात.

आणि हा धंदा काही परदेशातून आलेला नव्हे. आपल्याकडे त्याला पोतदार म्हणत. पेशवाईत एक रुपया म्हणजे एकच रुपया नव्हता. चांदवडी वेगळा, पुण्याचा अंकुशी वेगळा, सुरती आणखी वेगळा. प्रत्येकाची चांदी कमी-जास्त, आणि त्याप्रमाणे त्यावर बट्टा. सारा भरताना नाणे खरे की खोटे, चांदी किती, बट्टा किती हे पोतदार सांगे. गावात हे काम बहुधा सोनाराकडेच असे आणि त्याबद्दल त्याला खळ्यावर धान्य मिळे. म्हणजे नाणे पारखणारा गावाचा बांधील होता, त्याची मीठभाकरी नाण्याच्या खरेदीवर चालत नव्हती. हा फरक ध्यानात ठेवा. पोतदार, पारखी, सराफ ही आडनावे आपल्यात उगाच नाहीत. १८३५ साली कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया केला, १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा. बारा भागांत अकरा भाग चांदी. बट्ट्याचा घोळ हळूहळू मिटला आणि पोतदाराचे कामही त्याबरोबर गेले.

आमच्या सुदैवाने मुंबईतल्या एका वृद्ध पारख्यांची ओळख निघाली. ते नाणे बघण्याची फी घेतात, पण जे नाणे बघितले ते विकत घेत नाहीत. नातू आणि मी गाठोडे घेऊन गेलो. त्यांनी आधी टेबलावर मऊ फडके अंथरले. का, तर नाणे हातातून सुटले तरी कड दबू नये. नाणे चिमटीत धरायचे ते कडेने, तोंडावर बोट नाही. बोटाच्या घामाचा ठसा कायमचा उमटतो. मग एका दिव्याखाली त्यांनी नाणे हळूहळू कलते केले. वापरात न आलेल्या नाण्यावर टांकसाळीची झळाळी असते आणि नाणे फिरवले की ती चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. धुतलेल्या नाण्यावर ती फिरत नाही, नुसता पांढरा चकचकाट दिसतो. त्यानंतर भिंग. राणीचा गाल, कानावरचे केस, पोशाखावरची नक्षी असे उंच भाग आधी झिजतात, म्हणून नजर तिथे आधी जाते. शेवटी वजन. मूळ भार ११.६६ ग्रॅम. ओतीव खोट्या नाण्यात बारीक बुडबुडे दिसतात आणि कडेला साच्याची रेघ राहते.

त्यांनी कडीवाले सहा बाजूला ठेवले. डाक लागला की ते दागिन्यात जमा, वजनाचेच मोल. मग माझे नऊ रुपये हातात घेतले, एकेक भिंगाखाली धरला आणि मला भिंगातून बघायला लावले. राखेने ओढलेल्या केसासारख्या बारीक रेघा, शेकडो. "हे कुणी घासले?" त्यांनी विचारले. नातवाने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाला, "घरात कुणीतरी." त्या क्षणी मला जी लाज वाटली ती आजही गेलेली नाही. मी म्हटले, "मी सांगितले होते." ते म्हणाले, "सगळेच सांगतात. ही काळी पुटे म्हणजे नाण्याची कातडी. ती सोलली की पुन्हा येत नाही."

उरलेल्या सहांत, चिंच संपल्यामुळे वाचलेल्यांत, दोन १८६२ सालचे निघाले. (हे साल वाचून हुरळून जाऊ नका. १८६२ हाच आकडा पुढे कित्येक वर्षे रुपयांवर तसाच छापत राहिले.) त्यांतला एक फारच थोडा वापरलेला होता. पारखी बराच वेळ त्याच्याशी बसले. "हा वजनाने विकू नका," एवढेच बोलले. दोन पंचम जॉर्जचे होते. नातवाने उत्सुकतेने साल पाहिले. त्याने कुठे तरी ऐकले होते की १९११ चा रुपया दुर्मिळ. त्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, नाणी मागे घेतली, बहुतेक वितळवली आणि १९१२ ला हत्तीची सोंड नीट काढून नवी छापली. आमचे दोन्ही नंतरचे निघाले. शेवटचे दोन सहाव्या जॉर्जचे, १९४० नंतरचे. त्यांत चांदी निम्मीच असते. कडेच्या रेघांच्या मधोमध कोरीव खाच दिसली की तो निम्म्या चांदीचा समजा. १९४७ चा रुपया तर निकेलचा, त्यात चांदी नाहीच. बाजारातल्या त्या गृहस्थाने सगळे एका तराजूत टाकले होते ते आठवा.

बाहेर देशी या कामाच्या मोठ्या संस्था आहेत. अमेरिकेत १९४९ साली शेल्डन नावाच्या गृहस्थाने तिथल्या तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी बसवली. १९८६ आणि १९८७ साली तिथे दोन कंपन्या निघाल्या. एकाहून जास्त पारखी तेच नाणे वेगवेगळे बघतात, आकडा ठरतो आणि नाणे प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद होते. धुतलेल्या नाण्याला सरळ आकडा मिळत नाही, 'साफ केलेले' असा शेरा बसतो. पण कुणी म्हणाले की पोस्टाने तिकडे पाठवा, तर थांबा. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपलीकडचे नाणे ही पुरावस्तू आहे. ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

दुसरा कायदा नांगर धरणाऱ्याने माहीत करून घ्यावाच. शेतात, पायात, विहीर खणताना पुरलेला ठेवा सापडला आणि किंमत दहा रुपयांवर असली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला लेखी कळवावे लागते. लपवले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. कळवले म्हणजे सगळे गेले अशी समजूत गावोगाव आहे, ती बरोबर नाही. जुना मालक निघाला नाही आणि जमीनवाल्याशी वेगळा करार नसेल, तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनवाल्याला एक हिस्सा असे त्यात लिहिले आहे. सरकारने ठेवा घ्यायचे ठरवले तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन घ्यावा लागतो. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. कोणी कोणाला हरवले हे त्या ठशांनी सांगितले. ती नाणी कुणी घरोघर वाटून आटवली असती तर?

परतताना गाडीत नातवाने विचारले, "काका, यात पोट भरेल का?" हाच प्रश्न त्याने पारख्यांनाही केला होता. त्यांनी भीड न ठेवता सांगितले होते, की आपल्याकडे नुसत्या पारखीच्या फीवर जगणारे फार थोडे. बहुतेक जण लिलाव करणाऱ्यांकडे याद्या बनवतात, संग्राहकांची नाणी लावून देतात आणि जोडीला पारख करतात. हजारो नाणी हाताखालून गेल्याशिवाय नजर बसत नाही आणि पहिली काही वर्षे कमाई जवळजवळ शून्य. एकदा चुकीचा दर्जा दिला की नाव जाते, आणि या धंद्यात भांडवल म्हणजे नावच. "घेणारा होशील तर लवकर श्रीमंत होशील," ते हसत म्हणाले होते, "पण मग तुला कोणी विचारणार नाही."

मी त्याला नोकरी सोडू नकोस असे सांगितले. माझ्या सल्ल्याची किंमत त्या घरात आता किती असावी, हे मी ओळखून आहे! शिकायचे असेल तर जागा आहेत. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० साली सुरू झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि तिथे नाण्यांचे संग्रहालयही आहे. मुंबईत विद्यापीठाच्या कालिना आवारात या विषयासाठी दिनेश मोदी यांच्या नावाची संस्था उभी राहिली. त्याने एक भिंग आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घेतला आहे. रविवारी गावातल्या घरांतून लोक नाणी दाखवायला येतात. तो वजन, साल, झीज वहीत लिहून घेतो. अजून फी घेत नाही, आणि विकतही घेत नाही. कुणी राख घेऊन बसले दिसले तर मात्र ओरडतो.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा आजी ओट्यावर वाट बघत होत्या. "मंग? किती पैसं आलं?"

"आलं नाय आजी, गेलं. फी द्यावी लागली," नातू म्हणाला.

त्यांनी गाठोडे सोडले, काळा तो १८६२ चा रुपया कागदाच्या पुडीत वेगळा बांधलेला पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, चिंच संपली ते बरं झालं की."

कड्यांचे सहा रुपये त्यांनी विकून छपराचे पत्रे आणले. माझे नऊ अजून त्या लुगड्याच्या तुकड्यातच आहेत. पारख्यांच्या सांगण्यावरून ते तसेच ठेवले आहेत, न पुसता.